समुद्राला सातबारा नसतो



स्मृतिव्याख्यानाला उभं राहिलेल्याने आधी गौरवाचे चार शब्द बोलावेत असा रिवाज आहे. ते काम अध्यक्षांनी माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं केलं आहे. म्हणून मी थेट दोन आकड्यांवर येतो.

पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 यांच्या सहाव्या अनुसूचीत कारखान्यांनी सांडपाणी कसं सोडावं याची मानकं आहेत. त्यात बीओडीची एक ओळ आहे. पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना जेवढा प्राणवायू लागतो, त्याचं हे माप. तो प्राणवायू जीवाणूंनी खाल्ला की माशांना उरत नाही. सांडपाणी नदीनाल्यात सोडायचं असेल, तर बीओडी लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. तेच पाणी समुद्रात सोडायचं असेल, तर 100 पर्यंत चालतं.

नदीला 30, समुद्राला 100. मी वकिलीत आलो तेव्हा हा छापण्यातला घोटाळा असावा असं मला वाटलं होतं. तसं काही नाही. त्यामागे सरळ हिशेब आहे: समुद्र मोठा आहे, पाणी खूप आहे, विरून जाईल. हे मानक ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खुला समुद्र असणार. आपला किनारा तसा नाही. डहाणूपासून वसईपर्यंत, पुढे उरण, धरमतर, दाभोळ, कुठेही बघा; समुद्राच्या आधी खाडी लागते, खाडीच्या आधी खाजण, खाजणाच्या कडेने चिखल. बोय, निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबीची पिल्लं, सगळी वस्ती इथे. उधाणाला इथलं पाणी जोराने खेचलं जातं, पण भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांत ते बरंचसं जागच्या जागी हेलकावत राहतं. आज सोडलेलं ओहोटीबरोबर थोडं बाहेर जातं आणि भरतीबरोबर परत येतं. समोर बसलेल्या तांडेलांना हे मी सांगायला नको. नियमांच्या पुस्तकात मात्र भांग नाही.

या दोन आकड्यांपासून सुरुवात केली, कारण किनाऱ्यावरच्या प्रदूषणाचा प्रत्येक खटला आधी 'विरून जाईल' या समजुतीशी लढावा लागतो, कारखान्याची पाळी नंतर येते. आणि या समजुतीला जोडूनच दुसरी एक अडचण येते. शेतकऱ्याच्या बांधावर रसायन सांडलं तर तलाठी येतो, पंचनामा होतो, सातबाऱ्यावर त्याचं नाव असतं, पीकपाणी नोंदलेलं असतं. काय गेलं, कोणाचं गेलं, हे कागदावर दिसतं. समुद्राला सातबारा नसतो. पिढ्यान्पिढ्या एकाच जागी डोल जाळं लावणाऱ्या माणसाकडे ती जागा त्याची आहे असं सांगणारा चिटोरा नसतो. मग त्याचं नुकसान झालं म्हणजे नेमकं कोणाचं, किती आणि कधीपासून, या तीन प्रश्नांवर कोर्टात त्याची बोलती बंद होते.

आपल्या पर्यावरण कायद्याने गेल्या चाळीस वर्षांत प्रदूषण करणाऱ्याला पकडण्याची ताकद बरीच कमावली आहे. ज्याचं नुकसान झालं त्याला ओळखण्याची नजर मात्र अजून आलेली नाही. आज मला एवढंच मांडायचं आहे. बाकी सगळे दाखले.

पहिला दाखला बाटलीचा. खाडीत मासे मरून वर आले की गावातली पोरं पहिलं काम काय करतात? पाण्याची बाटली भरतात. हल्ली मोबाइलवर व्हिडिओही काढतात. बाटली वकिलाकडे येते. वकील ती टेबलावर ठेवतो आणि हळूहळू समजावून सांगतो की खटल्यात हिचा उपयोग जवळजवळ नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 याच्या कलम 21 मध्ये नमुना कसा घ्यायचा ते बांधून दिलं आहे. नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा. ज्याच्या कारखान्यातून घेतला त्याला तिथल्या तिथे नोटीस द्यायची. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करायचे, त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. ही पद्धत पाळली नाही, तर त्या पृथक्करणाचा निष्कर्ष कोणत्याही कायदेशीर कारवाईत पुरावा म्हणून ग्राह्य नाही.

हे तत्त्व चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. उद्या एखाद्याने कुठूनही पाणी भरून कारखान्याच्या नावावर खपवलं तर काय, हा प्रश्न रास्त आहे. पण ते प्रत्यक्षात घडताना बघा. एका खाडीकाठी मी ते बघितलं आहे. तक्रार पहाटेची. अधिकारी आले तेव्हा भरती अर्धी चढली होती. त्यांनी दोरी बांधलेली बादली नाल्याच्या मुखाशी सोडली, पांढरे कॅन विसळून भरले. प्राणवायूसाठीची काचेची लहान बाटली वेगळी भरली. तिच्यात दोन रसायनांचे थेंब टाकले की तळाशी तपकिरी साका बसतो, तसा तो बसला. लाख, दोरा, चिठ्ठी. कारखान्याचा इंजिनीअर इस्त्रीच्या शर्टात उभा, त्याने सही केली. सगळं नियमाप्रमाणे. मागे बांधावर गावातली पंधरावीस माणसं उभी होती. त्यांच्यापैकी कोणाची सही कुठेच नव्हती, कारण कायद्याने त्या कागदावर त्यांच्यासाठी रकानाच ठेवलेला नाही. नमुना निघाला तो भरतीच्या पाण्याचा. अहवालात मानकं पाळल्याचं आलं. कोणी खोटं बोललं नव्हतं, लाच घेतली नव्हती. पाणी तेवढं बदललं होतं.

आता जरा दूर जाऊ. जपानच्या क्युशू बेटावरचं मिनामाता हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. पाऱ्याची विषबाधा, वेडीवाकडी झालेली बोटं, ती गाजलेली छायाचित्रं. मला आज त्यातल्या आजाराबद्दल कमी आणि कागदपत्रांबद्दल जास्त बोलायचं आहे.

चिस्सो कंपनी तिथे 1932 पासून ॲसिटाल्डिहाइड बनवत होती. त्या प्रक्रियेत पारा लागे आणि त्याचं सेंद्रिय रूप सांडपाण्यातून बाहेर पडे. 1 मे 1956 रोजी आजाराची अधिकृत नोंद झाली. बोट मासळीकडे आणि कारखान्याकडे वळू लागल्यावर कंपनीने काय केलं? सप्टेंबर 1958 मध्ये सांडपाण्याचं तोंड हलवलं. आधी ते ह्याक्केन बंदरात पडे, ते मिनामाता नदीच्या मुखाशी नेलं. समुद्र मोठा आहे, विरून जाईल. विरलं नाही, जिथे आधी आजार नव्हता अशा किनाऱ्यावर नवे रुग्ण दिसू लागले. खरं तर शास्त्रज्ञांना हवा असलेला सर्वांत पक्का पुरावा कंपनीने स्वतःच्या हाताने तयार करून दिला. तोंड हललं, आजारही हलला.

पुढचं वर्ष 1959. जुलैमध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. कंपनीच्याच इस्पितळातले डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी कारखान्याचं सांडपाणी मांजरांना खाण्यातून दिलं. त्यातलं चारशे क्रमांकाचं मांजर ऑक्टोबरात अगदी तीच लक्षणं दाखवू लागलं. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. डिसेंबरात शुद्धीकरणाचं एक यंत्र मोठा समारंभ करून सुरू झालं. कंपनीच्या अध्यक्षांनी त्यातलं म्हणून पाणी सगळ्यांदेखत पिऊन दाखवलं. ते यंत्र पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं, आणि त्या दिवशी प्यालेलं पाणी त्या प्रक्रियेचं नव्हतंच, हे नंतर उघड झालं. मोठा समारंभ करून सुरू झालेलं कोणतंही शुद्धीकरण केंद्र बघितलं की मला तो पेला आठवतो. त्याला माझा इलाज नाही.

त्याच महिन्याच्या 30 तारखेला रुग्णांच्या कुटुंबांशी करार झाला. त्याचं नाव होतं सहानुभूतीची रक्कम. भरपाई नव्हे, सहानुभूती. त्यात एक कलम असं, की पुढे आजाराचं कारण कारखान्याचं पाणीच आहे असं ठरलं तरी कुटुंबांनी जास्त मागू नये. कर्ती माणसं अंथरुणाला खिळलेली, घरात चूल पेटेना, वर्ष सरायला एक दिवस उरलेला. त्यांनी सह्या केल्या. सह्या घेणाऱ्याला कारण ठाऊक होतं, करणाऱ्याला नव्हतं. कारखान्यातून पारा 1968 पर्यंत जातच राहिला.

जून 1969 मध्ये 28 कुटुंबांतल्या 112 जणांनी कुमामोतोच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. सगळ्याच कुटुंबांनी नाही. पुष्कळांनी सरकारच्या मध्यस्थीवर भिस्त ठेवली, आणि दावा लावणाऱ्यांकडे गावातच वाकड्या नजरेने बघितलं गेलं, कारण निम्मं गाव कंपनीच्या पगारावर. हेही आपल्याला परकं नाही. होसोकावांनी 1970 च्या जुलैत कर्करोगाच्या अंथरुणावरून साक्ष दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. 20 मार्च 1973 च्या निकालात न्यायालयाने 1959 चा करार सार्वजनिक नीतीला धरून नाही म्हणून रद्दबातल ठरवला. कंपनीचा निष्काळजीपणा मान्य केला: धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्याने पाणी सोडण्याआधी ते निर्धोक असल्याची खातरी करायची असते, माणसं मरेपर्यंत वाट बघायची नसते.

मग संपलं? नाही. पुढचा सगळा झगडा रुग्ण कोणाला म्हणायचं यावर झाला. सरकारने 1977 मध्ये निकष असे आवळले की हजारो लोक त्यांत बसेनात. राज्यसंस्थेची स्वतःची जबाबदारी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली ती 15 ऑक्टोबर 2004 रोजी. आजाराची नोंद झाल्यापासून 48 वर्षांनी. दोषी कोण हे ठरायला 17 वर्षं लागली. पीडित कोण यावरचे दावे आजही चालू आहेत.

आपल्याकडे काय झालं ते बघू. कायद्याच्या बाबतीत आपण मागे नव्हतो. जलप्रदूषणाचा केंद्राचा कायदा 1974 चा, पण महाराष्ट्राने आपला कायदा 1969 मध्येच केला होता आणि आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ सप्टेंबर 1970 पासून आहे. दिल्लीतल्या ओलियम वायूगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1986-87 मध्ये संपूर्ण दायित्वाचं तत्त्व सांगितलं: धोकादायक उद्योग करणाऱ्याला 'मी काळजी घेतली होती' हा बचाव नाही. मग 1996 हे वर्ष आलं. आमच्या क्षेत्रातले लोक या वर्षाबद्दल जुने क्रिकेटवेडे 1983 बद्दल बोलतात तसे बोलतात. फेब्रुवारीत राजस्थानातल्या बिछडी गावच्या प्रदूषणाचा निकाल, ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या चर्मोद्योगांचा. या दुसऱ्या निकालात न्यायालयाने सिद्धतेचा भार फिरवला: तुझ्या उद्योगाने अपाय होत नाही हे तू दाखव. मघाच्या त्या बाटलीच्या संदर्भात हे वाक्य केवढं मोठं आहे, ते लक्षात घ्या.

आणि 11 डिसेंबरला कोळंबीशेतीचा निकाल. याचिका एस. जगन्नाथन यांची. हे विनोबांच्या भूदानात चाललेले सर्वोदयी कार्यकर्ते. पत्नी कृष्णम्मालबरोबर तंजावरच्या बाजूला भूमिहीनांसाठी आयुष्य घातलेले. किनाऱ्यावर मोठ्या कंपन्यांनी कोळंबीची तळी खणली. त्यांतलं खारं, रसायनी पाणी शेतात आणि विहिरींत मुरू लागलं, मच्छीमारांच्या वाटा बंद झाल्या. न्यायालयाने भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आतली तशी तळी काढून टाकायला सांगितली, नुकसान मोजायला स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं, आणि तळ्यांवरच्या मजुरांना सहा वर्षांचा पगार द्यायला सांगितलं. हा शेवटचा भाग फार कमी लोक लक्षात ठेवतात. कारखाना बंद करा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, तिथल्या कामगाराचं काय? त्याचं उत्तर त्याच निकालात आहे.

पुढचंही सांगितलं पाहिजे. 2005 मध्ये संसदेने किनारी जलशेती प्राधिकरणाचा कायदा केला आणि किनारा नियमन क्षेत्रातली बंदी अशा शेतीला लागू नाही असं ठरवून टाकलं. कोर्टात जिंकलेलं संसदेत हरता येतं. तरुण वकिलांना मी हे नेहमी सांगतो, आणि त्यांचे चेहरे पडलेले बघून मलाही वाईट वाटतं.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण 2010 मध्ये आलं. त्याच्या कायद्यातल्या दोनतीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. न्यायाधिकरणाला पुरावा कायद्याचे नियम बंधनकारक नाहीत. अपघाताच्या बाबतीत चूक कोणाची हे सिद्ध न करताही भरपाई देता येते. अर्ज पीडित व्यक्ती करू शकते, तशी तिची प्रातिनिधिक संघटनाही करू शकते. भरपाई मागायची असेल तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का शुल्क, पण दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही. पुण्यात पश्चिम विभागाचं पीठ बसलं आणि कोकणातला माणूस सकाळच्या एस.टी.ने निघून सुनावणीला पोहोचू लागला. मध्ये त्या पीठाला सदस्यच उरले नाहीत, तेव्हा प्रकरणं दिल्लीहून पडद्यावर चालली. त्या काळात किती तारखा नुसत्याच पुढे गेल्या, याचा हिशेब कोणी मांडायला हवा.

याच न्यायाधिकरणात तारापूरचं प्रकरण 2016 मध्ये दाखल झालं. अर्जदार कोण? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार मांगेल्यांची ही जातिसंस्था. लग्नकार्य, शिष्यवृत्ती, वधूवर मेळावे हे जातिसंस्थांचं नेहमीचं क्षेत्र. ती संस्था कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध अर्जदार म्हणून उभी राहते. शहरातल्या पर्यावरणवाद्यांना जातिसंस्था म्हटलं की नाक मुरडायची सवय आहे, मलाही होती. पण नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे या गावांतून एकच सूर निघावा असं दुसरं व्यासपीठ कोणतं होतं?

तारापूर ही राज्यातल्या मोठ्या रासायनिक वसाहतींपैकी एक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यमापनात देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत ती पहिली आली, 93.69 गुणांनी. सामाईक सांडपाणी केंद्राची क्षमता तेव्हा रोज 25 दशलक्ष लिटर होती, आणि येणारं पाणी त्याहून जास्त. जास्तीचं कुठे जाणार? न्यायाधिकरणाने तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात केंद्रीय मंडळ आणि नीरी या संशोधन संस्थेबरोबर अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेलाही घेतलं. जानेवारी 2022 मध्ये शंभरावर कारखाने, सामाईक केंद्र आणि एमआयडीसी यांच्यावर मिळून दीडशे कोटींहून जास्त रकमेचा बोजा टाकणारा आदेश झाला. वर्तमानपत्रांत मथळे आले. गावांत पेढे वाटावेत अशी ही बातमी.

पण ती रक्कम कशाची? ती पर्यावरणीय भरपाई. तिचा हिशेब करायला केंद्रीय मंडळाचं एक सूत्र आहे, ते आपण जरा हातात घेऊन बघू. पाच आकड्यांचा गुणाकार. पहिला, उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक: लाल वर्गाला 80, नारिंगीला 50, हिरव्याला 30. दुसरा, उल्लंघनाचे दिवस. तिसरा, रुपयांचा गुणक, साधारण 250. चौथा, कारखान्याचा आकार: लहान असेल तर अर्धा, मध्यम एक, मोठा दीड. पाचवा, स्थानगुणक. म्हणजे लाल वर्गातला मोठा कारखाना घेतला तर 80 गुणिले 250 गुणिले दीड, दिवसाला 30 हजार रुपये. आता स्थानगुणक बघा. तो जवळच्या शहराच्या लोकसंख्येवर आहे. एक कोटीची वस्ती असेल तर दोन. दहा लाखांच्या आत असेल तर एक. म्हणजे मुंबईला अपाय झाला तर दुप्पट, मुरब्याला झाला तर एकपट. खाडीत मासा किती होता, जाळी किती लागत होती, चिखलात कालवं आणि शिवल्या वेचून किती घरं चालत होती, याला या गुणाकारात जागा नाही. माणसांची डोकी मोजून समुद्राची किंमत काढणारं हे सूत्र आहे.

आणि ते पैसे जातात कुठे? मंडळाच्या खात्यात, पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी. तो हेतू चांगलाच आहे. न्यायाधिकरणाच्या कायद्याचं कलम 15 तीन गोष्टी वेगळ्या सांगतं: पीडितांना मदत आणि भरपाई, मालमत्तेची भरपाई, पर्यावरणाची भरपाई. आपल्याकडे तिसरी सढळ हाताने होते, कारण तिचं सूत्र तयार आहे. पहिलीचं सूत्र नाही. तिथे अर्जदाराने आपलं नुकसान आपण मांडायचं असतं, आणि तिथेच आपलं घोडं अडतं.

अडत नाही अशी उदाहरणं आहेत, म्हणूनच मी बोलतोय. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी न्हावाशेवा बंदराच्या विस्ताराविरुद्ध 2013 मध्ये पुण्याच्या पीठाकडे अर्ज केला. तिथे मुद्दा सांडपाण्यापेक्षा भरावाचा होता: खाडीची तोंडं बुजली, कांदळवन तुटलं, भरतीचं पाणी आत येईना. 27 फेब्रुवारी 2015 च्या निकालात 1630 कुटुंबांना मिळून 95 कोटी 19 लाखांवर भरपाई ठरली. जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडको यांच्यात वाटून. कुटुंबामागे 5 लाख 84 हजार. पुढे अपिलं झाली, व्हायचीच. पण कुटुंबांचा आकडा कागदावर आला. मच्छीमार हा 'परिसरातील रहिवासी' न राहता, ज्याचं काहीतरी मोजून गेलं असा माणूस झाला. मग 2021 मध्ये ठाण्याच्या खाडीवरच्या नव्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने खाडीत मासेमारी करण्याचा परंपरागत हक्क मान्य केला आणि भरपाईचं धोरण आखायला लावलं. याचिका एका मच्छीमार सहकारी संस्थेची होती. राज्याने 2023 मध्ये तसं धोरण काढलं. ते प्रकल्पबाधितांसाठी आहे. रोज थोडंथोडं येणाऱ्या सांडपाण्याने बाधित झालेल्यांसाठी तसं काही नाही. प्रकल्पाला उद्घाटनाची तारीख असते, सांडपाण्याला नसते.

डहाणूबद्दल थोडक्यात, कारण त्यावर या व्याख्यानमालेत आधी बोलणं झालं आहे. 1991 च्या अधिसूचनेने तालुक्याला पर्यावरणीय संरक्षण मिळालं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ते शेवटपर्यंत सांभाळलं. तिथल्या औष्णिक केंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली ती या प्राधिकरणाच्या चिवटपणामुळे. एक निकाल देऊन न्यायालय बाजूला झालं असतं तर ते झालं नसतं. याच प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदराला नकार दिला आणि 2023 मध्ये होकार दिला. किनारा तोच, कायदा तोच. संस्थेवर विसंबून राहायचं तर तिच्या खुर्चीत कोण बसतं यावर डोळा ठेवावा लागतो, एवढं त्यातून मी घेतो. वाढवणवर आज अधिक बोललो तर अध्यक्ष मला घड्याळ दाखवतील.

'विरून जाईल'चं सध्याचं रूप म्हणजे लांब नळी. तारापूरचं सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्यालगत न सोडता समुद्रात सातेक किलोमीटर आत न्यायची योजना आहे. किनाऱ्याजवळच्या गावांना त्याने दिलासा मिळेल, हे मी नाकारत नाही. पण नळी लांबवणं म्हणजे शुद्धीकरण नव्हे. आत डोल आणि दालदी लावणाऱ्यांच्या जाळ्यात ते जाणारच आहे. फरक एवढाच की तिथे मेलेला मासा किनाऱ्याला लागणार नाही, म्हणून तक्रारही होणार नाही. 1958 ची मिनामाता नदी आठवा.

मग करायचं काय? समोर मच्छीमार सोसायट्यांचे पदाधिकारी बसले आहेत, म्हणून त्यांच्याशीच बोलतो. नुकसान मोजायला आधी ते होण्यापूर्वीचा हिशेब लागतो. तो तुमच्याकडेच आहे, तुम्ही त्याला पुरावा समजत नाही इतकंच. डिझेलवरच्या परताव्याचं रजिस्टर. बर्फाची बिलं. लिलावाच्या वह्या: कोणत्या तारखेला किती पापलेट, किती घोळ, किती बोंबील, काय भाव. ही वही वर्ष संपलं की माळ्यावर जाते आणि वाळवी खाते. ती न्यायालयात आली तर तज्ज्ञाच्या दहा पानांच्या अहवालापेक्षा जड ठरू शकते, कारण ती खटल्यासाठी लिहिलेली नसते. तिथीही लिहा. अमुक दिवशी भांग होता आणि ओहोटीला पाण्यावर फेस होता, ही नोंद दोन वर्षं सलग असेल तर भरतीच्या पाण्यात घेतलेल्या नमुन्याला प्रश्न विचारता येतो.

दुसरं, कारखान्याच्या संमतिपत्रातल्या अटी. जल अधिनियमाच्या कलम 25 प्रमाणे मंडळाने या अटींची नोंदवही ठेवायची आहे आणि त्या सांडपाण्याच्या तोंडाशी किंवा जागेशी संबंध असलेल्या किंवा त्यांची झळ लागणाऱ्या कोणालाही ती बघता येते. किती पाणी सोडायची परवानगी आहे, कुठे, कोणत्या मर्यादेत. हे माहीत नसताना 'प्रदूषण होतंय' अशी तक्रार करणं आणि माहीत करून 'अट क्रमांक अमुक मोडली' अशी करणं, यात मंडळाच्या कार्यालयात मिळणाऱ्या खुर्चीपासून फरक पडतो.

तिसरी गोष्ट नावांच्या यादीची. भरपाईची यादी बोटींवरून केली की परवाना ज्याच्या नावावर तो आत, बाकी बाहेर. खलाशी बाहेर. पाटी घेऊन बाजाराला जाणारी बाई बाहेर. गुडघाभर चिखलात कालवं फोडणारी तर कोणाच्याच खिजगणतीत नाही. तिच्याकडे बोट नाही, परवाना नाही, बहुतेक ठिकाणी सोसायटीचं सभासदत्व नाही. आणि सांडपाण्याचा पहिला मार बसतो तो चिखलालाच. मिनामातात सरकारच्या निकषांनी लोकांना बाहेर ठेवलं; आपल्याकडे ते काम आपल्याच याद्या करतील. यादी करायची ती आत्ता, खटल्याची नोटीस काढताना नव्हे, आणि करायची ती घरांची, कोण कशावर जगतं ते लिहून.

शेवटी मुदतीचं. कलम 15 खाली भरपाईचा अर्ज कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. 'पहिल्यांदा' या शब्दावर कारखान्याचा वकील हमखास बोट ठेवतो: हे तर दहा वर्षांपूर्वीपासून चालू आहे असं तुम्हीच वर्तमानपत्रात म्हणाला होता ना? दर वर्षीच्या मोर्च्यातलं भाषण असं उलटतं. म्हणून प्रत्येक घटनेची स्वतंत्र लेखी तक्रार, तारखेसह, पोच घेऊन. मुदत टळली तर न्यायाधिकरण पुरेशा कारणासाठी आणखी साठ दिवस देऊ शकतं, त्यापुढे त्याच्याही हातात काही नाही.